मंत्री साहेब, आधी कंबर मोजू

प्रति,
मा. ना. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आयुष राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार) तथा आरोग्य व कुटुंब कल्याण राज्यमंत्री,
नवी दिल्ली



साहेब, हे पत्र डोणगावहून लिहीत आहे. गावाची ओळख आपल्याला करून द्यायला नको. आपण तीनदा मेहकरचे आमदार होतात, २००९ पासून सलग चार वेळा बुलढाण्याचे खासदार झालात. मेहकरहून मालेगावकडे निघालेल्या माणसाला डोणगाव टाळता येत नाही. समृद्धी महामार्गावरून गेलात तर गोष्ट वेगळी. जून २०२४ मध्ये आयुष खात्याचा स्वतंत्र प्रभार आणि आरोग्य खात्याचं राज्यमंत्रिपद आपल्याकडे आलं, तेव्हा माझ्या दुकानात कुणीतरी पेढ्यांचा पुडा आणला. माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरपुढं चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यातल्या एकानं पेढा तोंडात टाकला न टाकला तोच म्हणाला, "भाऊ, एक गोयी जास्तीची द्या, आताच घेऊन टाकतो." सगळे हसले, मीही हसलो. रात्री शटर ओढताना लक्षात आलं की त्या चौघांपैकी तिघं माझ्याकडून साखरेच्याच गोळ्या नेतात.

मधुमेह हा शब्द इथं पोस्टरवर असतो. बोलण्यात 'शुगर निघाली' म्हणतात, नाहीतर नुसतंच 'साखर आहे'. गोळीचं नाव कुणाला पाठ नसतं. "पाचशेची द्या", "एम टू द्या", "ती सकाळची पांढरी द्या" एवढ्यावर काम भागतं. पट्टी पूर्ण नेणारे थोडे. "अर्धी कापून द्या, सोयाबीन विकलं का बाकीची नेतो," हे वाक्य मी आठवड्यातून कितीदा ऐकतो याचा हिशोब ठेवलेला नाही. दुकान टाकलं तेव्हा या गोळ्या नेणारे म्हणजे निवृत्त गुरुजी, एखादा अडत्या, एखादे ग्रामसेवक. बसून काम करणारी, बरं खाणारी माणसं. आज निंदणाला जाणाऱ्या बाया नेतात, हमाली करणारे नेतात, पस्तिशीचा ट्रॅक्टर ड्रायव्हर नेतो. वजनकाट्यावर उभं केलं तर यातली कितीतरी माणसं साठ किलोसुद्धा भरत नाहीत.

माझ्या दुकानावरून देशाचं अनुमान काढू नये, हे मला कळतं. पण देशाचे आकडे आपल्याच खात्याखालच्या आयसीएमआरनं काढलेले आहेत. २००८ ते २०२० या काळात ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या १ लाख १३ हजारांवर प्रौढांना तपासून केलेला 'इंडियाब' हा अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आला. त्यात २० वर्षांवरच्या शंभर भारतीयांपैकी ११.४ जणांना मधुमेह निघाला. म्हणजे देशभरात १० कोटी १० लाख माणसं. शेजारच्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, चौघांत एकापेक्षा जास्त. शहरांत १६.४ टक्के, खेड्यांत ८.९.

हा ८.९ वाचून आपल्या अधिकाऱ्यांना बरं वाटलं असेल. मला त्याच तक्त्यातल्या पुढच्या ओळीची जास्त धास्ती वाटते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक, म्हणजे साखर वाढलेली आहे पण अजून रोग म्हणण्याइतकी नाही असे, शहरात आणि खेड्यात जवळपास सारखेच निघाले, शंभरात १५. ग्रामसभेला शंभर माणसं बसली आहेत असं धरा. नऊ जणांना साखर आहे आणि पंधरा जण रांगेत उभे आहेत. शहराची रांग बरीचशी आत गेली, खेड्याची आता कुठं सरकायला लागली आहे. महाराष्ट्रात ही रांग आधीच दिसली होती. याच अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, आपल्या राज्यात मधुमेह ८.४ टक्के निघाला होता आणि उंबरठ्यावरचे १२.८ टक्के. पुढं २०१७ मध्ये पंधरा राज्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा कळलं की ज्यांना मधुमेह आहे त्यांतल्या ४७ टक्क्यांना तो आपल्याला आहे हे माहीतच नव्हतं.

आकड्यांवरून भांडणंही आहेत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ भारतात सुमारे ९ कोटी रुग्ण सांगतो. २०२४ च्या नोव्हेंबरात 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानं २१ कोटी सांगितले. रक्ताची कोणती तपासणी धरायची यावर हा फरक पडतो: काहीजण उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेली साखर धरतात, काहीजण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी. माझ्या दुकानापुरता या भांडणाचा उपयोग एवढाच, की लहानातला लहान आकडा धरला तरी पट्ट्या कमी पडतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्यासाठी घरची गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या मोठेबाबांना तीन वर्षांपूर्वी शेतात तुरीचं खुट पायात गेलं. तूर सोंगून झाल्यावर रानात जी खुटं उभी राहतात ती बोटभर उंचीची, तिरपी, सुरीसारखी. चप्पल फाडून तळव्यात घुसलं. विचित्र गोष्ट ही की त्यांना ते कळलं घरी आल्यावर, चप्पल काढताना, रक्त दिसलं म्हणून. मी पट्टी केली, मलम दिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवलं. आठ दिवस मी त्यांना पट्ट्या आणि मलम विकत राहिलो. वय ६१, अंगानं सडपातळ, दुपारच्या जेवणानंतर गुळाचा खडासुद्धा नाही, जन्मभर शेतीची मेहनत. यांना साखर असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. नवव्या दिवशी बोटं काळी पडायला लागली, तेव्हा तालुक्याला नेलं. तिथं साखर ३८० निघाली. दोन बोटं गेली, मग महिन्याभरानं अर्धं पाऊल. पायात खुट घुसलेलं ज्याला कळत नाही त्याच्या पायाच्या नसा बऱ्याच वर्षांपासून मरत आलेल्या असतात, हे मला फार्मसीच्या पुस्तकात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. घरात ते ओळखता आलं नाही.

त्यांचं म्हणणं अजून तेच आहे. "मले काहून होईन शुगर? गोड तं मी खातच नाई."

साहेब, सगळा घोळ या वाक्यात आहे, आणि तो माझ्या मोठेबाबांचा एकट्याचा नाही. साखर खाल्ल्यानं साखर होते, आणि ती जाड्या, श्रीमंत, बसून राहणाऱ्याला होते, या दोन समजुतींवर आपल्याकडची निम्मी तपासणी अडलेली आहे. डॉक्टरही बारक्या माणसाला पटकन साखर तपासायला सांगत नाहीत. मी सांगितलं नाही, तर दुसऱ्याला काय बोलू?

या समजुतीला तडा देणारं काम आपल्याच राज्यात झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, त्यांच्या गर्भारपणाचा आणि पुढं त्या मुलांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, पोटाला जेमतेम खाणाऱ्या त्या बायका. त्यांची बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळं हाडकुळी हे कुणालाही दिसलं असतं. पण कातडीची जाडी मोजली, तेव्हा निघालं की दंडाचं मांस कमी आहे, पाठीवरची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी झालेली नाही. बाहेरून बारीक, आतून चरबीदार. 'थिन-फॅट' बाळ हे नाव जगभर गेलं ते पुण्याजवळच्या या गावांतून.

याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंची-वजनाचं गणित दोघांचं तंतोतंत एक, बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्या शरीराबद्दल एवढं सांगणारा दुसरा फोटो मी पाहिलेला नाही. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तो लावायला हवा, हात धुण्याच्या पोस्टरशेजारी.

जेवणातून आलेली साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे आपले स्नायू. बाजार समितीची भाषा वापरायची तर कोठी लहान आणि आवक मोठी झाली की माल रस्त्यावर पडतो. मांसच कमी असलेल्या माणसाची कोठी जन्मापासून लहान असते. त्यात पोटाच्या आत, यकृताच्या आजूबाजूला चरबी साचली की इन्सुलिनचा हुकूम चालेनासा होतो. ते बनवणाऱ्या स्वादुपिंडाचीही ताकद आपल्याकडे लवकर संपते. म्हणून गोऱ्या लोकांना पन्नाशी-साठीत होणारा हा रोग आपल्याला दहा वर्षं आधी गाठतो, आणि कमी वजनावर गाठतो.

आईच्या पोटात उपाशी राहिलेलं बाळ पुढं खाऊन-पिऊन बसलं तर धोका वाढतो, हे दुष्काळांच्या अभ्यासातून दिसलं आहे. हॉलंडमधली १९४४-४५ च्या हिवाळ्यातली उपासमार, युक्रेनमधला १९३२-३३ चा दुष्काळ. युक्रेनच्या दुष्काळाच्या ऐन भरात ज्यांच्या आया नुकत्याच गरोदर राहिल्या होत्या, त्या लेकरांना मोठेपणी मधुमेह दुपटीहून जास्त झाला. हे वाचताना मला आपला बहात्तरचा दुष्काळ आठवतो. मिलो ज्वारी आणि सुकडीवर गावं जगली त्या वर्षाच्या आगेमागे जन्मलेले लोक आज पन्नाशी ओलांडून बसले आहेत. माझ्या वहीत तेच वय सगळ्यात जास्त. मी शास्त्रज्ञ नाही, हा माझा तर्क आहे. पण ज्या पिढीच्या आया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, त्या पिढीच्या कंबरेकडे सरकारनं आधी पाहावं असं मला वाटतं.

आणि ही पिढी आता बसली आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. ज्वारी-कपाशीच्या काळात दोन-दोन निंदणं, डवरणी, वखरणी, पायी शेत, डोक्यावर भारा. आता पाठीवर पंप घेऊन एक माणूस तणनाशक मारून येतो, मळणीला थ्रेशर आहे, हार्वेस्टरही येऊ लागले, आणि बांधापर्यंत मोटरसायकल जाते. बाईची पाठ मोडणारं निंदण गेलं याचं मला दुःख नाही. निंदण पुन्हा आणा असं सांगणारा माणूस स्वतः कधी निंदायला गेलेला नसतो. पण घाम गेला, भाकरी तेवढ्याच राहिल्या. चार माणसांच्या कामाला लागणारं जेवण आता मोबाईलवर बसलेला माणूस जेवतो. पाहुणा म्हणून चार घरी गेलात तर चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे. नाही म्हटलं तर घरची बाई रुसते. गुरुवारी गजानन महाराजांचा उपास म्हणून साबुदाण्याची उसळ. साखरेच्या पेशंटनं उपासाला साबुदाणा आणि बटाटा खाऊ नये, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की महाराजांनाही पाठ झालं असेल.

ताटाबद्दल आणखी एक. २०२५ मध्ये 'इंडियाब'चाच आहारावरचा भाग 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. आपण भारतीय दिवसाकाठच्या ऊर्जेपैकी ६२ टक्के धान्य, साखर, पिठूळ पदार्थांतून घेतो. आणि आपल्याकडे सगळे सांगतात ना, पोळी सोडा, ज्वारीची भाकर खा? त्या अभ्यासात नुसता तांदूळ-मैदा बदलून कोंड्यासह गहू किंवा ज्वारी-बाजरी आणल्यानं धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण पिठूळ खाणं कमी करून त्या जागी थोडीशी डाळ, कडधान्य, दूध आलं, तर दिसला. भाकर वाईट नाही. पण पोळी सोडून त्याच भरात चार भाकरी खाणारी माझी गिऱ्हाइकं आहेत, आणि साखर का उतरत नाही म्हणून ती मलाच विचारतात. भाकर एक कमी आणि पिठलं वाटीभर जास्त, एवढं साधं आहे ते. हरभऱ्याचा घोळाणा, मुगाची उसळ, वरण घट्ट. यात शहरातून आणायचं काही नाही.

नाही कसं, आहे. डाळच आणावी लागते. तूर आम्ही पिकवतो, हरभरा आम्ही पिकवतो, सोयाबीन तर विचारूच नका. सोयाबीनचं तेल निघतं आणि भरपूर प्रथिनं असलेली त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आमच्या घरी रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ येतो, जानेवारी २०२३ पासून फुकट. त्या धान्यानं लोक जगले, हे मान्य. पण रोगाचा अभ्यास एक सांगतो आणि रेशनचं पोतं दुसरं सांगतं. अन्न खातं आपल्याकडे नाही हे मला माहीत आहे. मंत्र्यामंत्र्यांत बोलणं होत असेलच.

तंबाखूचं आपल्याला वेगळं सांगायला नको. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला मधुमेहाचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा ३० ते ४० टक्क्यांनी जास्त असतो. झोप कमी, दारू, आईबापांना साखर असणं, हे सगळं त्यात मिळतं.

मोठेबाबांच्या पावलानंतर मी काउंटरवर शिंप्याची टेप ठेवली. साठ रुपयांना दोन मिळाल्या. साखरेचं मशीन होतंच. पण मशीनची पट्टी महाग, टेप एकदा घेतली की फुकट. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर, तर पुढची चौकशी करायची. कंबर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून मोजायची. पँटचा नंबर विचारायचा नाही. आपल्याकडचा माणूस पोट सुटलं की पँट पोटाखाली बांधतो आणि "बत्तीसच नंबर आहे अजून" म्हणून तरुण राहतो.

एक उदाहरण सांगतो, नाव नको. वय ५२, वजन ५९ किलो. हात काडीसारखे, शर्टाच्या आत पोटाचा माठ. कंबर ९४. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेनं २००५ मध्ये भारतीयांसाठी एक गुणपत्रिका बनवली आहे, रक्ताचा थेंबही लागत नाही. पन्नाशी ओलांडली, ३० गुण. कंबर ९० ते ९९ मध्ये, १० गुण. वडिलांना साखर, १० गुण. शेती आहे पण व्यायाम नाही, २० गुण. बेरीज ७०. साठ आणि त्यावर म्हणजे धोका मोठा. माझ्याच काउंटरवर त्याची जेवणानंतरची साखर २४६ निघाली. "मशीन बिघडलं असंन," तो म्हणाला. मग आपली बायको आणली, तिची १०४ निघाली. तेव्हा कुठं पटलं. मी डॉक्टर नाही, मी त्याला मेहकरला पाठवलं, आणि गोळी चिठ्ठीवरच दिली.

आपल्या खात्याचा याच धर्तीचा एक तक्ता आहे. आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं वय, कंबर, तंबाखू, दारू, चालणं, घराण्यातला रोग लिहितात, आणि बेरीज चारच्या वर गेली की आधी तपासणीला बोलवायचं. तक्ता उत्तम आहे. जमिनीवर काय होतं ते मी एका गावी पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यात आशाताईचा दोष नव्हता. तिच्याकडे टेप नव्हती. कंबरेच्या रकान्यात ती नजरेनं आकडा भरत होती, आणि नजरेला बारीक दिसणाऱ्या प्रत्येकाच्या पुढं शून्य. आपल्याकडे ज्याला धोका जास्त, तोच माणूस त्या तक्त्यातून अलगद सुटत होता. बाईची कंबर तर तिथं कुणी मोजतच नव्हतं, लुगड्यावरून लाज.

बायकांचं जास्त लिहिलं पाहिजे. याज्ञिकांच्या त्या सहा गावांत दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, अंडी, मांस यांतून येतं, आणि आपल्या घरात दूध डेअरीला आणि अंडं पोराला जातं. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देणारी निघाली. गरोदरपणात सरकार लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतं, त्या हव्यातच, पण बी-१२ चं नाव नाही. गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहायची, १४० किंवा वर आली तर उपचार, हे सरकारी धोरणच आहे. ज्या बाईची तेव्हा साखर वाढते तिला पुढं कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे सातपट असतो. पण बाळंतपण झालं की तिला पुन्हा कुणी बोलावत नाही. तिचं लसीकरणाचं कार्ड बाळाच्या नावानं चालू राहतं. त्याच कार्डावर आईच्या साखरेची एक ओळ वर्षातून एकदा भरली तर काय लागतं?

बी-१२ वरून आठवलं. आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारी साखरेची गोळी मेटफॉर्मिन. चांगली गोळी, स्वस्त गोळी. पण वर्षानुवर्षं घेतली की तीही बी-१२ कमी करते. मग पायांना मुंग्या येतात, आणि पेशंट साखर वाढली समजून गोळी वाढवून मागतो. हे मी दुकानात रोज पाहतो. गावातल्या शाकाहारी साखरवाल्याचं बी-१२ कधी तपासलं गेलं हे आपण एखाद्या दौऱ्यात विचारून पाहा.

आता आयुषबद्दल, आणि हे जरा जपून लिहितो. चालणं, योगासनं, वेळेवर जेवण यात आपल्या खात्याचा मोठा उपयोग आहे. चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना नुसता आहार आणि चालण्याचा सल्ला नियमित दिला, तर तीन वर्षांत मधुमेह सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, गोळीपेक्षा तसूभरही कमी नाही. पण माझ्या शोकेसमध्ये 'साखर मुळापासून घालवा' अशा बाटल्या आणि चूर्णं आहेत. होती म्हणतो, कारण दिवाळीनंतर मी ती परत केली. कंपनीचा माणूस माझ्यावर चिडला, ते ठीक. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी मोबाईलवर रोज नवी जाहिरात येते आणि कारले-जांभळाचं चूर्ण घेणारा माणूस पहिल्याच महिन्यात डॉक्टरची गोळी बंद करतो. चूर्ण घ्या की घेऊ नका, गोळी बंद करू नका, हे मी सांगितलं तर दुकानदाराचं बोलणं म्हणतात. आयुष खात्याच्या मंत्र्यानं हे एक वाक्य आमच्या मेहकरच्या सभेत बोललं, तर त्याला वजन आहे.

पैशाचं म्हणाल तर फार लागत नाही. बीपीच्या रुग्णांना एकदम महिनाभराच्या गोळ्या द्यायचा उपक्रम २०१७-१८ पासून भंडारा आणि वर्धा या आपल्याच विदर्भातल्या जिल्ह्यांत सुरू झाला. साखरवाल्याला आरोग्य केंद्रातून पाच-सात दिवसांच्या गोळ्या देऊन परत बोलावलं, तर तो परत येत नाही. एक रोज बुडवून येण्यापेक्षा तो माझ्याकडे अर्धी पट्टी घेतो, किंवा काहीच घेत नाही. तिकडे दिलं तसं बुलढाण्यात साखरेलाही महिनाभराचं द्या. माझा धंदा थोडा कमी होईल, चालेल. प्रत्येक आशाताईला एक टेप द्या, आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसासाठी वर्षातून एकदा पुरतील एवढ्या स्ट्रिपा. साखरवाल्याच्या पायाला नायलॉनचा धागा टोचून संवेदना तपासायची चाचणी असते. दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात माझ्या मोठेबाबांचा पाय वाचला असता.

२०१७ चा अहवाल परत काढून पाहिला. त्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, चंदीगड इथल्या शहरांत श्रीमंतांपेक्षा गरिबांना मधुमेह जास्त निघालेला आहे. चंदीगडच्या शहरी भागात गरिबांत २६.९ टक्के, श्रीमंतांत १२.९. पैसेवाला माणूस सावध झाला, तो चालायला लागला, तपासून घ्यायला लागला, आणि रोग खाली सरकला. शहरात जे झालं ते खेड्यात व्हायला फार वेळ लागणार नाही, रांगेतले पंधरा लोक मी मघाशी सांगितलेच.

साहेब, २६ जानेवारीला ग्रामसभा असते. डोणगावला या. झेंडा झाल्यावर अर्धा तास काढा. स्ट्रिपा, मशीन आणि दोन्ही टेपा मी घेऊन येतो. सुरुवात आपल्यापासून करू, म्हणजे बाकीचे लाजणार नाहीत. आपली परवानगी असेल तर कंबरेचा आकडा माईकवर सांगू, नसेल तर नाही.

आपला,
डोणगावातला एक मेडिकलवाला